परदेशी शिक्षण : आधी प्रकार, मग देश

परीक्षांचे निकाल लागू लागले, की परदेशी शिक्षणाच्या जाहिरातींना बहर येतो. ही लाट आता पुण्या-मुंबईपुरती राहिलेली नाही. नाशिक, कोल्हापूर, सोलापूर, नागपूर अशा शहरांतील हॉटेलांच्या सभागृहांत शिक्षणमेळावे भरतात आणि निरनिराळ्या देशांचे ध्वज लावलेल्या मेजांसमोर विद्यार्थी व पालक रांगा लावतात. तेथे विचारला जाणारा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो : कोणत्या देशात जावे? दुसरा प्रश्न विद्यापीठाच्या क्रमवारीचा आणि तिसरा पुढे नोकरी मिळण्याचा. परंतु या तिन्हींच्या आधी विचारावयाचा जो प्रश्न, तो मात्र क्वचितच कोणी विचारतो. परदेशी शिक्षणाचा कोणता प्रकार आपणास हवा आहे, किती काळासाठी हवा आहे आणि कशासाठी हवा आहे, हा तो प्रश्न होय.

या प्रश्नाचे उत्तर नीट न देता घेतलेल्या निर्णयाची किंमत श्रीमंतांच्या घरात फारशी जाणवत नाही. ती जाणवते शिक्षकाच्या, कारकुनाच्या, लहान व्यापाऱ्याच्या घरात. तेथे राहते घर बँकेकडे तारण पडते, भविष्यनिर्वाह निधीतील शिल्लक काढली जाते, आणि धाकट्या भावंडांच्या शिक्षणाचा विचार पुढे ढकलला जातो. एवढे सारे पणास लावून जो विद्यार्थी विमानात बसतो, त्याला जे हवे होते ते कदाचित सहा महिन्यांत आणि दशांश खर्चात मिळाले असते. किंवा उलट, ज्याने चार महिन्यांच्या सहलवजा अभ्यासक्रमावर पैसे घातले, त्याला खरे तर पूर्ण पदवीचीच गरज होती. प्रकार चुकला की देश कितीही चांगला असला तरी निर्णय चुकतोच.

एक शब्द, अनेक अर्थ

'परदेशात शिकणे' हा शब्दप्रयोग अमेरिकेत आणि आपल्याकडे दोन वेगळ्या अर्थांनी वापरला जातो, ही गोष्ट आपण लक्षातच घेत नाही. अमेरिकन महाविद्यालयीन विद्यार्थी परदेशात शिकावयास जातो, तेव्हा तो आपल्या महाविद्यालयाचाच विद्यार्थी राहतो. काही आठवडे, एक सत्र किंवा फार तर एक वर्ष तो अन्यत्र काढतो, तेथील श्रेयांक आपल्या पदवीत जमा करतो आणि परत येतो. या प्रथेचा प्रारंभ साधारणतः १९२३ साली झाला, असे मानतात. त्या वर्षी डेलावेअर विद्यापीठातील रेमंड कर्कब्राइड या प्राध्यापकाने आठ विद्यार्थ्यांना घेऊन फ्रान्सला प्रयाण केले. पदवीच्या तिसऱ्या वर्षाचा अभ्यास परदेशात करावा आणि चौथ्या वर्षी परत यावे, ही ती कल्पना होती. युरोपात १९८७ साली सुरू झालेल्या 'इरॅस्मस' योजनेने हीच कल्पना सरकारी पातळीवर नेली. पहिल्या वर्षी अकरा देशांतील ३,२४४ विद्यार्थ्यांनी तिचा लाभ घेतला. नंतर ती संख्या लाखांच्या घरात गेली.

आपल्याकडे मात्र परदेशी शिक्षण म्हणजे पदवीसाठी देश सोडणे, असेच समीकरण रूढ झाले आहे. अमेरिकेतील परदेशी विद्यार्थ्यांचा वार्षिक आढावा 'ओपन डोअर्स' या नावाने प्रसिद्ध होतो. त्यानुसार २०२३-२४ या शैक्षणिक वर्षात तेथे ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते आणि पुढच्या वर्षी ही संख्या ३,६३,०१९ वर गेली. पैकी २०२३-२४ मध्ये पदवीपूर्व वर्गांत असलेले विद्यार्थी सुमारे छत्तीस हजार होते. पदव्युत्तर वर्गांत शिकणारे एक लाख शहाण्णव हजारांहून अधिक, आणि शिक्षण संपवून प्रशिक्षणार्थ नोकरी करणारे सुमारे साडेसत्त्याण्णव हजार. याचा अर्थ असा, की आपला विद्यार्थी प्रामुख्याने येथील पदवी घेतल्यानंतर जातो. पदवीच्या तीन-चार वर्षांत, वय कोवळे आणि मन ग्रहणशील असताना, थोड्या काळासाठी बाहेर जाऊन परतण्याची जी वाट आहे, तिच्याकडे आपले लक्षच गेलेले नाही.

इतिहासाची साक्ष

आपल्या इतिहासातील परदेशगमने पाहिली तर बव्हंशी ती पूर्ण शिक्षणासाठीच झालेली दिसतात. आनंदीबाई जोशी १८८३ साली निघाल्या आणि पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून १८८६ साली पदवी घेऊन परतल्या. समुद्रप्रवासच कित्येक आठवड्यांचा असे, तेव्हा एका सत्रासाठी जाऊन येण्याचा विचारही संभवनीय नव्हता. एकदा गेलेल्याने काम पुरे करूनच यावे, हाच त्या काळचा व्यवहार होता.

परंतु याच इतिहासात आणखीही एक धडा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. शिष्यवृत्तीस मुदत होती आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची सेवा करण्याची अट होती. १९१६ साली ते लंडनला अर्थशास्त्राच्या पुढील अभ्यासासाठी गेले. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपताच १९१७ साली त्यांना तो अभ्यास अर्धवट टाकून मायदेशी परतावे लागले. परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून मिळवून ठेवली होती, म्हणूनच १९२० साली त्यांना पुन्हा जाता आले आणि १९२३ साली डी. एस्सी. ही पदवी प्राप्त झाली. मधल्या काळात त्यांनी मुंबईच्या सिडनेहॅम महाविद्यालयात अध्यापन करून पैसा साठविला. शाहू महाराजांचे साहाय्य घेतले. अलौकिक बुद्धीच्या माणसालाही शिष्यवृत्तीची मुदत, तिच्या अटी आणि परतीची वाट यांचा विचार करावा लागला. सामान्य विद्यार्थ्याने तो न करणे, हे धाडस नसून बेफिकिरी होय.

वाटा किती आणि कोणत्या?

आज महाविद्यालयीन विद्यार्थ्यापुढे ढोबळमानाने सहा वाटा आहेत. पहिली, उन्हाळी वर्गांची किंवा अल्पकालीन अभ्यासदौऱ्याची. तिची मुदत दोन ते आठ आठवडे असते. भाषेचा प्रारंभिक परिचय, एखाद्या विषयाची तोंडओळख किंवा पुढे पूर्ण शिक्षणासाठी जावे की नाही हे अजमावणे, एवढ्यापुरती ती उपयुक्त आहे. नामांकित विद्यापीठाच्या आवारात भरलेला प्रत्येक वर्ग त्या विद्यापीठाचाच असतो असे नव्हे. सुट्टीत रिकाम्या इमारती भाड्याने दिल्या जातात आणि तेथे खाजगी संस्था आपले वर्ग चालवितात. प्रमाणपत्रावर सही कोणाची, हे पाहिले म्हणजे पुष्कळ उलगडा होतो.

दुसरी वाट विनिमयाची. दोन विद्यापीठांत करार असतो. विद्यार्थी शुल्क आपल्याच संस्थेत भरतो आणि एक सत्र किंवा वर्ष दुसऱ्या संस्थेत शिकतो. त्याला प्रवास, निवास आणि भोजन यांचा खर्च येतो. परंतु परदेशी विद्यापीठाचे शुल्क बहुधा द्यावे लागत नाही. मध्यमवर्गीय विद्यार्थ्याला परवडण्याजोगी ही सर्वांत चांगली वाट आहे. 'इरॅस्मस' योजनेतही युरोपबाहेरील भागीदार विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांना अशा अल्पकालीन वास्तव्यासाठी अर्थसाहाय्य मिळू शकते. मात्र आपल्या विद्यापीठाचा तसा करार असावा लागतो.

तिसरी वाट संशोधन-उमेदवारीची. जर्मनीची विद्यापीठीय विनिमय संस्था, म्हणजे १९२५ साली स्थापन झालेली 'डाड', हिच्या 'वाइज' योजनेतून विज्ञान व अभियांत्रिकीचे भारतीय विद्यार्थी दोन-तीन महिने जर्मन प्रयोगशाळांत काम करून आले आहेत. कॅनडातील 'मायटॅक्स'ची बारा आठवड्यांची योजना याच जातीची. येथे शुल्क देण्याऐवजी विद्यावेतन मिळते. स्पर्धा कठीण असते. परंतु जो निवडला जातो त्याला संशोधन हे आपले काम आहे की नाही, याचे उत्तर एका उन्हाळ्यात मिळते. पाच वर्षांच्या पीएच. डी.त शिरल्यावर तेच उत्तर मिळण्यापेक्षा हे कितीतरी बरे.

चौथी वाट जोडअभ्यासक्रमांची. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या मे महिन्यात यासंबंधी नियम केले. त्यांत तीन प्रकार सांगितले आहेत, आणि जाहिरातींत त्यांची सरमिसळ होत असल्याने ते नीट समजून घेणे अगत्याचे आहे. 'ट्विनिंग' प्रकारात पदवी भारतीय संस्थेची असते आणि एकूण श्रेयांकांपैकी जास्तीत जास्त तीस टक्के परदेशात मिळविता येतात. संयुक्त पदवीत दोन्ही संस्था मिळून एकच पदवी देतात आणि प्रत्येक संस्थेतील श्रेयांक किमान तीस टक्के असावे लागतात. दुहेरी पदवीत दोन्ही संस्था स्वतंत्र पदव्या देतात. तेथेही भारतीय संस्थेतील वाटा किमान तीस टक्के असलाच पाहिजे. परदेशी संस्था जागतिक क्रमवारीत पहिल्या हजारांत असावी आणि भारतीय संस्थेने मूल्यांकनाची ठराविक पातळी गाठलेली असावी, अशाही अटी आहेत. गल्लीतील एखाद्या संस्थेने परदेशी विद्यापीठाचे बोधचिन्ह आपल्या फलकावर रंगविले म्हणजे ती या नियमांत बसते असे नाही.

पाचवी वाट पूर्ण परदेशी पदवीची. ती सर्वांच्या परिचयाची आहे. सहावी वाट अगदी नवी : परदेशी विद्यापीठच भारतात येते. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये आयोगाने त्यास परवानगी देणारे नियम केले. ऑस्ट्रेलियाच्या डीकिन विद्यापीठाने गुजरातेतील 'गिफ्ट सिटी'त २०२४ साली वर्ग सुरू केले. ब्रिटनच्या साउदॅम्प्टन विद्यापीठाने गुरुग्राम येथे २०२५ साली. मुंबई-नवी मुंबई परिसरातही काही परदेशी विद्यापीठांना अशी परवानगी देण्याचे पाऊल २०२५ साली उचलले गेले. या वाटेने पदवी परदेशी मिळते आणि राहण्याचा खर्च वाचतो. परंतु परदेशात राहण्याने जे शिक्षण आपोआप होते, परकी भाषा, परके शेजारी, एकट्याने संसार सांभाळण्याची सवय, ते येथे होत नाही. ज्याला केवळ पदवीची गरज आहे त्याला ही वाट सोयीची. ज्याला जग पाहावयाचे आहे त्याला ती अपुरी.

एका सत्राचे मोल

अल्पकाळाच्या वास्तव्याने काय साधणार, असा आक्षेप घेतला जातो. त्याचे उत्तर पुण्यातच मिळते. अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातील महाविद्यालयांच्या एका संघाने पुण्यात अनेक वर्षे आपल्या विद्यार्थ्यांसाठी भारतविषयक अभ्यासक्रम चालविला. हे विद्यार्थी मराठी शिकत, पुणेरी कुटुंबांत राहत आणि स्वतः निवडलेल्या एखाद्या विषयावर प्रबंध लिहीत. 'अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज' ही संस्था १९६१ साली स्थापन झाली, तेव्हा तिचे मुख्यालय डेक्कन महाविद्यालयातच होते. मराठी शिकणाऱ्या परदेशी अभ्यासकांचे वर्ग तिने पुण्यात चालविले आहेत. काही महिन्यांत कोणी पंडित होत नाही, हे खरे. परंतु घरात राहून, रोजच्या व्यवहारात भाषा वापरून आणि एकाच विषयाचा पिच्छा पुरवून जे हाती येते, ते वर्गात बसून वर्षभरातही येत नाही.

आपल्या विद्यार्थ्यांनी या पाहुण्यांकडून एक गोष्ट घ्यावी. ते पुण्यात आले ते पुण्याचे नाव मोठे म्हणून नव्हे. त्यांना मराठी शिकावयाची होती, वारीचा, शेतीचा किंवा संगीताचा अभ्यास करावयाचा होता म्हणून. विषय आधी ठरला, ठिकाण नंतर. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये किंवा मॅक्सम्युलर भवनात जर्मन शिकणाऱ्या विद्यार्थ्याला जर्मनीतील एका सत्राने जे मिळेल, ते त्याला इंग्रजी देशातील दोन वर्षांच्या पदवीने मिळणार नाही. गोव्यात पोर्तुगीज शिकणाऱ्या आणि पुढे तेथील जुन्या दस्तऐवजांवर काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला लिस्बनच्या अभिलेखागाराजवळ काढलेले काही महिने आयुष्यभर पुरतील. याउलट ज्या विषयाच्या उत्तम प्रयोगशाळा आपल्याकडे नाहीत, त्या विषयासाठी एक सत्र म्हणजे केवळ दुरून दर्शन; तेथे पूर्ण पदव्युत्तर शिक्षणच घ्यावे लागेल. प्रकार हा असा उद्दिष्टातून निघाला पाहिजे.

परतल्यावर काय?

परदेशी शिक्षणाचा सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे परतल्यानंतरची मान्यता. विनिमयावर जाणाऱ्याने निघण्यापूर्वीच आपल्या विभागाकडून लेखी घ्यावे, की तेथील कोणते विषय येथील कोणत्या विषयांच्या बदली धरले जातील आणि त्यांचे श्रेयांक किती. तोंडी आश्वासनावर विसंबून गेलेल्यास परत आल्यावर तेच सत्र पुन्हा करावे लागण्याचा संभव असतो. त्याचे एक वर्ष जाते आणि ते भरून देण्याची जबाबदारी कोणीच घेत नाही.

पूर्ण पदवी घेणाऱ्यापुढे समकक्षतेचा प्रश्न असतो. त्यासंबंधी आयोगाने २०२५ च्या एप्रिलमध्ये नवे नियम केले असून, शाखा भाड्याने चालविण्याच्या व्यवस्थेतून मिळालेल्या परदेशी पदव्यांना समकक्षता मिळणार नाही, असे त्यांत स्पष्ट केले आहे. भारत आणि ब्रिटन यांनी २०२२ च्या जुलैमध्ये परस्परांच्या पदव्या मान्य करण्याचा करार केला. त्यामुळे तेथील एक वर्षाच्या एम. ए.-एम. एस्सी.बद्दलची जुनी अडचण दूर झाली. परंतु अभियांत्रिकी, वैद्यक, औषधनिर्माण, विधी, वास्तुशास्त्र हे व्यवसाय त्या कराराबाहेर आहेत. ज्याला येथे येऊन वकिली किंवा वैद्यकी करावयाची आहे, त्याने त्या त्या नियामक मंडळाचे नियम प्रवेशापूर्वी वाचले पाहिजेत.

वैद्यकाच्या बाबतीत तर हा विषय फारच गंभीर आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे परदेशी वैद्यकीय शिक्षण किमान ५४ महिन्यांचे असावे लागते आणि त्यानंतरची बारा महिन्यांची उमेदवारी त्याच परदेशी संस्थेत करावी लागते. २०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनमध्ये युद्ध भडकले, तेव्हा तेथे शिकणाऱ्या हजारो भारतीय विद्यार्थ्यांना शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. त्यांत महाराष्ट्रातील मुलेही होती. जीव वाचले, ही मोठीच गोष्ट. परंतु उरलेले शिक्षण कोठे आणि कसे पुरे करावे, हा प्रश्न त्यांना दीर्घकाळ भेडसावत राहिला. सलग पाच-सहा वर्षे एकाच परक्या देशात बांधून घेण्यातील जोखीम त्या प्रसंगाने सर्वांना दाखवून दिली.

पैसा आणि कायदा

खर्चाचा अंदाज करताना आपण शुल्काकडे पाहतो आणि निर्वाहाकडे दुर्लक्ष करतो. जर्मनीतील सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिक्षणशुल्क नाही, असे ऐकून पालक हरखून जातात. ते बव्हंशी खरे आहे. तथापि बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात २०१७ पासून युरोपबाहेरील विद्यार्थ्यांकडून प्रत्येक सत्रास १,५०० युरो घेतले जातात. शिवाय व्हिसासाठी वर्षाच्या निर्वाहाची रक्कम आधीच खात्यात गोठवून ठेवावी लागते. २०२४ च्या सप्टेंबरपासून ती ११,९०४ युरो आहे, म्हणजे बारा लाख रुपयांच्या आसपास. कॅनडाने निर्वाहनिधीची अट २०२४ च्या प्रारंभी १०,००० डॉलरांवरून एकदम २०,६३५ डॉलरांवर नेली आणि २०२५ च्या सप्टेंबरपासून ती २२,८९५ डॉलर केली. या रकमा शुल्काच्या वेगळ्या आहेत.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की विद्यार्थी शिकत असतानाच त्या देशाचे कायदे बदलू शकतात. ब्रिटनने २०२४ च्या जानेवारीपासून, संशोधक सोडल्यास, विद्यार्थ्यांना कुटुंबीय बरोबर नेण्यास बंदी केली आणि शिक्षणोत्तर वास्तव्याची दोन वर्षांची सवलत २०२७ च्या जानेवारीपासून दीड वर्षावर आणण्याचे ठरविले. कॅनडाने २०२४ मध्ये परदेशी विद्यार्थ्यांच्या संख्येवर मर्यादा घातली. अमेरिकेत २०२५ च्या मे-जूनमध्ये विद्यार्थी-व्हिसाच्या नव्या मुलाखती काही आठवडे थांबविण्यात आल्या. प्रत्येक देशास आपले कायदे करण्याचा अधिकार आहे. त्याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही. परंतु त्यावरून एक साधा हिशेब निघतो. चार वर्षांचा बेत करणाऱ्यावर चार वर्षांतील बदलांचे सावट असते. सहा महिन्यांच्या विनिमयावर गेलेल्याची पदवी मायदेशीच सुरक्षित असते. पुढील नोकरीच्या उत्पन्नावर ज्याचे सारे कर्ज फिटावयाचे आहे, त्याने हा हिशेब अधिकच काळजीने करावा.

विनिमयासही अटी असतात. अमेरिकेत सरकारी पैशावर विनिमय-व्हिसा घेऊन जाणाऱ्यास पुढे दोन वर्षे मायदेशी राहण्याचे बंधन असते. फुलब्राइट शिष्यवृत्तीधारकांना ते लागू आहे. ज्याला परतावयाचेच आहे त्याला हे बंधन जाचत नाही. ज्याच्या मनात तेथे स्थायिक होण्याचा विचार आहे, त्याला ते आधी ठाऊक असलेले बरे.

मध्यस्थ आणि त्यांचे हितसंबंध

या सर्व गुंतागुंतीतून वाट दाखविण्यासाठी सल्लागार असतात. त्यांतील कित्येक प्रामाणिक आहेत. परंतु ज्या सल्लागाराचे उत्पन्न परदेशी संस्थेकडून मिळणाऱ्या दलालीवर अवलंबून आहे, तो दलाली न देणारी वाट आपणहून सुचविण्याचा संभव कमी. विनिमय, संशोधन-उमेदवारी, शुल्कमुक्त सरकारी विद्यापीठ, यांत त्याला काही मिळत नाही. पूर्ण शुल्काच्या पदवीत मिळते. मेळाव्यातील मेजांवर पहिल्या प्रकारांची माहितीपत्रके का आढळत नाहीत, याचे कारण यात आहे.

याहून वाईट प्रकारही घडले आहेत. कॅलिफोर्नियातील ट्राय-व्हॅली विद्यापीठावर २०११ च्या जानेवारीत छापा पडला आणि तेथील शेकडो भारतीय विद्यार्थी अडचणीत आले. काहींच्या पायांत नजर ठेवणारी यंत्रे बांधण्यात आली. २०१९ मध्ये 'फार्मिंग्टन विद्यापीठ' नावाची संस्था अमेरिकन सरकारनेच सापळा म्हणून उभारली होती हे उघड झाले आणि तेथे नाव घातलेल्या सव्वाशेहून अधिक भारतीयांना अटक झाली. कॅनडात २०२३ साली शेकडो भारतीय विद्यार्थ्यांवर बनावट प्रवेशपत्रांमुळे हद्दपारीचे संकट ओढवले; ती पत्रे मध्यस्थाने दिली होती. तेव्हा प्रवेशपत्र हाती आले म्हणजे त्यावरील विद्यापीठाशी स्वतः पत्रव्यवहार करून खात्री करणे, हे प्रत्येक विद्यार्थ्याचे पहिले काम होय.

महाविद्यालयांचे कर्तव्य

हे सारे ओझे विद्यार्थ्याच्याच खांद्यावर टाकणे न्याय्य नाही. आपली बहुसंख्य महाविद्यालये विद्यापीठांना संलग्न आहेत. त्यांचा अभ्यासक्रम, परीक्षा, वेळापत्रक सारे वरून ठरते. मध्येच एक सत्र बाहेर शिकून येण्यास त्यात जागा नव्हती, आणि म्हणूनच विनिमयाची वाट उच्चभ्रू संस्थांपुरती राहिली. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने श्रेयांकपद्धतीचा पुरस्कार केला; २०२१ मध्ये श्रेयांकांची राष्ट्रीय पेढी निघाली. एका संस्थेतील श्रेयांक दुसरीत नेण्याची चौकट आता तरी कागदावर आहे. ती वापरावयाची की धूळ खात ठेवावयाची, हे विद्यापीठांनी ठरवावयाचे आहे.

त्यासाठी फार मोठा खर्च लागत नाही. प्रत्येक विद्यापीठाने आपले परदेशी करार कोणते, त्यांत जागा किती आणि अर्ज कधी करावयाचा, हे सर्व संलग्न महाविद्यालयांना दरवर्षी कळवावे. आज असे करार समारंभपूर्वक होतात, छायाचित्रे छापून येतात आणि पुढे लातूरच्या किंवा रत्नागिरीच्या विद्यार्थ्याला त्यांचा पत्ताही लागत नाही. प्रत्येक महाविद्यालयात निदान एका अध्यापकाने हा विषय आपला मानावा. ज्याला दलाली मिळत नाही असा सल्लागार विद्यार्थ्याला तेथेच मिळू शकेल.

राज्य सरकारचेही एक कर्तव्य आहे. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती काय किंवा केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती काय, या योजना पदव्युत्तर शिक्षण व पीएच. डी. यांसाठी आहेत. त्यांचे मोल निर्विवाद आहे. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना उंबरठाही ओलांडता आला नाही, अशा घरांतील मुले त्यांच्या बळावर जगातील उत्तम विद्यापीठांत पोहोचली. जमशेटजी टाटांनी १८९२ साली स्थापिलेला निधीही उच्च शिक्षणासाठी कर्जरूपाने शिष्यवृत्त्या देतो. परंतु पदवीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात एका सत्रासाठी जाऊ इच्छिणाऱ्या गरीब विद्यार्थ्याच्या प्रवासाची आणि निर्वाहाची सोय यांपैकी कोणत्याही योजनेत नाही. एका पूर्ण परदेशी पदवीवर जो खर्च होतो, त्यात अशा कित्येक विद्यार्थ्यांचे एकेक सत्र होईल. मोठ्या शिष्यवृत्त्यांना कात्री न लावता असा एक लहान निधी वेगळा काढला, तर विनिमय ही केवळ सधन घरांतील मुलांची हौस राहणार नाही.

तोपर्यंत विद्यार्थ्याने आणि त्याच्या पालकांनी मेळाव्यास जाण्यापूर्वी घरीच बसून पाच प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहावीत. मला नेमके काय शिकावयाचे आहे? ते येथे खरोखरच मिळत नाही काय? त्यासाठी कमीत कमी किती काळ बाहेर राहावे लागेल? परतल्यावर त्या शिक्षणाला येथे कोण मान्यता देणार? आणि बेत मध्येच मोडला तर घराची किती हानी होईल? ही उत्तरे प्रामाणिकपणे लिहिली, की सहा वाटांपैकी चार आपोआप गळून पडतील. उरलेल्या दोहोंतून निवड करणे मग फारसे कठीण राहणार नाही, आणि देशाचे नाव त्या निवडीतूनच पुढे येईल. जगाकडे पाहण्याची इच्छा ही तरुणपणाची चांगली खूण आहे. तिला कोणी अडवू नये. मात्र ज्या घराच्या बळावर ती पुरी व्हावयाची, त्या घराशी हिशेब चोख ठेवूनच पाऊल उचलले पाहिजे.